शनिवारवाड्याचे १६,११० रुपये : पेशवेकालीन घरबांधणीचा अजमास व हिशेब

पुण्याच्या शनिवारवाड्याविषयीं लिहिणारा लेखक दोन तिथी व एक आकडा दिल्यावांचून सहसा पुढें जात नाहीं. पायाचा मुहूर्त माघ शुद्ध ३ शके १६५१, शनिवार, म्हणजे १० जानेवारी १७३०. वास्तुशांत माघ शुद्ध ७ शके १६५३, शनिवार, म्हणजे २२ जानेवारी १७३२. आणि खर्च रुपये १६,११०. तिथींचा पडताळा गणितानें घेतां येतो व तो बरोबर जमतो. आकड्याचा पडताळा घेण्याच्या भरीस मात्र कोणी पडत नाहीं. त्या काळीं ही रक्कम फार मोठी होती, एवढी पुस्ती जोडली कीं लेखक मोकळा होतो. रक्कम मोठी होती कीं लहान, हें ठरविण्यापूर्वीं ती कशाची बेरीज आहे हें ठरविलें पाहिजे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. आणि त्याचा संबंध एका शनिवारवाड्याशीं नसून पेशवाईंतील प्रत्येक घराच्या, वाड्याच्या व सोप्याच्या हिशेबी कागदाशीं आहे.

प्रथम तिथींविषयीं थोडें. वरील इसवी तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीच्या आहेत. नव्या पद्धतीनें त्या अनुक्रमें २१ जानेवारी १७३० व २ फेब्रुवारी १७३२ होतात. हें ध्यानांत न घेतां आजच्या पद्धतीनें १० जानेवारी १७३० चा वार काढणारास मंगळवार मिळेल, आणि तो विनाकारण मूळ तिथीवर संशय घेईल. दुसरी गोष्ट अशी कीं, या दोन माघांच्या दरम्यान एक अधिक मास पडला; त्यामुळें चांद्र महिने २४ न होतां २५ झाले. ही केवळ पंचांगाची करामत नव्हे. ज्याचें वेतन महिन्याच्या हिशेबानें ठरलें त्या कारकुनास अगर मिस्त्रीस पंचविसावा महिना द्यावयाचा कीं नाहीं, हा प्रश्न हिशेबनिसापुढें उभा राहतोच. रोजावर काम करणाऱ्या गवंड्यास तो पडत नाहीं. एकाच इमारतीवरील दोन माणसांचे हिशेब एकाच कालावधीसाठीं निराळे कां निघतात याचें एक कारण येथें आहे.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दफ्तरचा हिशेब शकाप्रमाणें चालत नसे, शुहूर सनाप्रमाणें चाले. आणि शुहूर सन सूर्य मृगांत गेला म्हणजे बदलतो. मुहूर्त झाला तेव्हां सलासीन मया व अलफ, म्हणजे ११३०, हें साल चालू होतें. पुढील मृगापासून इहिदे सलासीन, आणि त्यापुढील मृगापासून इसन्ने सलासीन. वास्तुशांत झाली ती या तिसऱ्या सालांत. म्हणजे लौकिकांत दोन वर्षांत झालेलें हें काम दफ्तरांत तीन सालांच्या रुमालांत वांटलें गेलें. पहिल्या सालाच्या वांट्यास जेमतेम पांच महिने येतात, आणि ते पायाचे व जोत्याचे, म्हणजे दगडाचे, चुन्याचे व मातीचे महिने. दुसऱ्या सालांत सबंध पावसाळा आहे. तिसऱ्यांत पुन्हां पावसाळा, आणि नंतर तक्तपोशी, गिलावा, रंग व दारें-खिडक्या. एखाद्या संग्राहकाच्या हातीं या तिहींपैकीं एकाच सालचा झाडा पडला व त्याखालील बेरीज पाहून त्यानें ‘वाड्यास इतका खर्च झाला’ असें छापलें, तर चूक कागदाची नव्हे, वाचणाराची.

आतां हिशेबाचा कागद कसा तयार होई तें पाहूं. इमारतीचा कागद एक नसतो, त्याच्या पांच अवस्था असतात. काम सुरू होण्यापूर्वीं होतो तो अजमास. शब्द फारसींतून आला असून अंदाज, आजमावणी असा त्याचा अर्थ. त्यावरून धनी जी रक्कम त्या कामाकडे लावून देई ती नेमणूक. काम चालू असतां रोजच्या रोज जी देवघेव लिहिली जाई ती रोजकीर्द. रोजकीर्दींतील रकमा नांवनिशीवार व बाबवार उचलून मांडल्या कीं खतावणी. आणि शेवटीं जमा-खर्च ताडून दाखविला कीं झाडा. या पांचांहि कागदांवर मथळा बहुधा एकच, ‘इमारत’ या अर्थाचा. पांचांहि ठिकाणीं कागदास घड्या घालून पाडलेले रकाने, खालीं बितपशील, आणि शेवटीं बेरीज. मोडी वाचकाच्या डोळ्यांस ते सारखेच दिसतात.

परंतु अजमासाची बेरीज ही खर्चाची बेरीज नव्हे. घर बांधणाऱ्या प्रत्येकानें हें आपल्या पदरच्या पैशानें शिकलेलें असतें. तरी इतिहास लिहितांना तोच मनुष्य तें विसरतो. अजमास ओळखण्याच्या खुणा आहेत. त्यांत माणसांचीं नांवें नसतात, धंद्यांचीं असतात : गवंडी इतके, बेलदार इतके, सुतार इतके. त्यांत रकमा बहुधा भरीव व गोल असतात. रोजची मिति नसते. झाड्यांत उलट नांवें येतात, ‘गुजारत अमका’ असा रक्कम देणाऱ्याचा उल्लेख येतो, आणि आणे व पैसे येतात. १६,११० ही रक्कम पाहतां तिच्यांत आणे-पैसे दिसत नाहींत हें खरें. परंतु ते पुढील लेखकांनीं गाळले असणेंहि संभवतें, आणि शंभरावर दहा उरलेली रक्कम सरधोपट अजमासाची दिसत नाहीं. तेव्हां ही बेरीज कोणत्या तरी झाड्याची असावी असें आमचें मत आहे. झाडा कोणत्या बाबींचा, हा प्रश्न मात्र उरतोच.

अजमास करणारे लोक अडाणी ठोकताळे बांधीत, ही समजूतहि टाकून दिली पाहिजे. घराचें माप खणांत होई. दोन खांबांमधील गाळा तो खण. सोपा पांच खणांचा म्हटलें कीं सुताराच्या डोळ्यापुढें सहा खांब, त्यांवरील तुळया, तुळयांवरील कड्या व कड्यांवरील पाट उभे राहत. चौकाच्या चारी बाजूंस पांच-पांच खण असतील तर खांब किती? नवशिका सहा चोक चोवीस म्हणेल. परंतु कोपऱ्यांतील खांब दोन्ही बाजूंस कामास येतो. म्हणून खांब वीस. वर माडी असली तर चाळीस. ज्या अजमासांत चोवीस किंवा अठ्ठेचाळीस खांब लिहिले असतील, त्यांत एक तर करणारा कच्चा होता, नाहीं तर चार खांबांची सोय त्यानें आपल्या घरासाठीं करून ठेविली होती. असले हिशेब तपासण्यास आजच्या संशोधकास वास्तुविद्येची पदवी लागत नाहीं.

दगडी कामाचें माप गजांत होई, आणि तेथें घोटाळ्यास जागा अधिक. गज म्हणजे २४ तसू, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु सर्व गज सारखे नव्हते. सुताराचा, कापडवाल्याचा व गवंड्याचा गज यांत फरक असे, आणि गांवोगांवीं फरक असे तो निराळाच. लांबींत हा फरक क्षुल्लक वाटतो. समजा, एका गजापेक्षां दुसरा एका तसूनें लांब आहे. लांबींत भेद शेंकडा चारांच्या आंत-बाहेर. परंतु भिंतीस लांबी, रुंदी व उंची तिन्ही आहेत. चोवीस तसूंच्या गजाचा घन १३,८२४ तसू आणि पंचवीस तसूंच्या गजाचा घन १५,६२५ तसू. म्हणजे शेंकडा तेरा अधिक काम तेवढ्याच दामांत. दर गजामागें मजुरी ठरली असेल तर लहान गज गवंड्याच्या फायद्याचा व मोठा गज धन्याच्या फायद्याचा. म्हणून करारांत ‘अमक्या गजानें’ असा उल्लेख आला कीं तो गाळूं नये. छापतांना असले शब्द अर्थहीन समजून वगळलेले पाहिले कीं मनास वाईट वाटतें. इंग्रजी अंमल बसल्यावर गजाच्या जागीं फूट आला, आणि शंभर घनफुटांचा ‘ब्रास’ आला. वाळूची व खडीची गाडी आजहि ब्रासनेंच विकली जाते. जुन्या गजाचें ओझें त्यामुळें उतरलें खरें, परंतु जुने दर नव्या दरांशीं ताडून पाहण्याची वाटहि बंद झाली.

विटा हजाराच्या हिशेबानें घेत, व तुटीफुटीची सूट निराळी धरीत. चुना खंडीनें येई. कळीचा चुना विझवून, वाळू घालून, बैलाच्या घाणींत मळला जाई; म्हणून इमारतीच्या हिशेबांत बैलाची वैरण, घाणीचें चाक व वैरणीचा गडी हीं आढळलीं तर नवल मानूं नये. याहून अवघड प्रकरण गुळाचें आहे. चुन्यांत गूळ घालीत. गिलाव्यांत तागाचे तंतू घालीत. लांकडास तेल देत. आणि गूळ व तेल हे जिन्नस मजुरांच्या शिध्यांतहि येत. तेव्हां ‘गूळ’ या बाबीखालीं रक्कम दिसली, तर तो भिंतीनें खाल्ला कीं माणसांनीं, हें शेजारच्या बाबींवरून ठरवावें लागतें. शेजारीं डाळ व तांदूळ असतील तर माणसांनीं. चुना व ताग असतील तर भिंतीनें. खतावणी ज्या क्रमानें लिहिली तो क्रम छापतांना मोडला, तर हा निवाडा करण्याचें साधनच नाहींसें होतें.

काम देण्याच्या रीती मुख्यतः तीन. पहिली रोजमुऱ्याची : हजेरी घ्यावी, रोज द्यावा. दुसरी नगाची अगर मापाची : खांबामागें इतके, गजामागें इतके, विटांच्या हजारामागें इतके. तिसरी उक्त्याची : अमुक खणांचें घर, अमुक साहित्याचें, अमुक रकमेंत उभें करून द्यावें. यांना मक्ता, गुत्ता असेंहि म्हणत. तिन्ही रीती एकाच वाड्यावर एकाच वेळीं चालत. पायाचें खोदकाम रोजानें, घडीव दगड मापानें, आणि कोरीव महिरपींचें काम उक्त्यानें असा मेळ घालणें शहाणपणाचें होतें. कारण पाया किती खोल जाईल हें आधीं सांगतां येत नाहीं, घडीव दगड मोजतां येतो, आणि कोरीव कामास रोज दिला तर तें संपत नाहीं. रोजानें काम दिलें तर दिवस वाढतात व उक्त्यानें दिलें तर चुना पातळ होतो, हा अनुभव त्या काळींहि नवा नव्हता. म्हणूनच उक्त्याच्या कामावरहि धन्याचा एक कारकून बसविलेला असे. आणि त्या कारकुनाचें वेतन इमारतीच्या खर्चांत न पडतां धन्याच्या आश्रित मंडळींच्या वेतनांत पडे.

या धंद्यांतील शब्दांकडे पाहिलें तर त्याचा इतिहास एका वाक्यांत दिसतो. इमारत अरबी, मजूर फारसी, अजमास फारसी. आणि कंत्राट, पगार, मिस्त्री व बिजागरी हे चार शब्द पोर्तुगीज. वसई व गोमंतक येथील सुतार-गवंड्यांच्या सहवासांतून किनाऱ्यावर रुळलेले हे शब्द पुढें घाटावर आले. खण, जोतें, तुळई, कडी, सोपा, ओटी हे मात्र घरचे राहिले. म्हणजे घराचे अवयव देशी शब्दांनीं ओळखले गेले, आणि घरासाठीं पैसे देण्या-घेण्याचे शब्द बाहेरून आले. यावरून मोठें अनुमान काढण्याचा मोह होतो; तो आम्ही आवरतों.

आतां चुकवणुकीकडे वळूं, कारण खरी गोम तेथेंच आहे. रोजकीर्दींत ‘गवंडी यांस रुपये १००’ असें लिहिलें म्हणजे गवंड्यांस शंभर रुपये पोंचले, असें समजण्याचें कारण नाहीं. रुपया एक नव्हता. सुरती, अर्काटी, आणि पुढें चांदवडी, अंकुशी, हाली अशीं नाणीं बाजारांत एकत्र चालत, व एकावरून दुसऱ्यावर जातांना बट्टा बसे. समजा, दर ठरला एका नाण्यांत व दिला दुसऱ्या, शेंकडा तीन बट्ट्याच्या नाण्यांत. तर हजार रुपयांच्या कामांत तीस रुपये कोणाच्या तरी पदरांतून गेले. धन्याच्या वहींत बेरीज हजाराचीच राहिली. कराराच्या कागदांत नाण्याचें नांव असतें तें यासाठीं. जेथें तें नाहीं, तेथें तोटा मजुराचा झाला असें मानण्यास हरकत नाहीं; कारण सराफाच्या दुकानीं वाद घालण्याची ऐपत रोज कमावणाऱ्यास नसते.

रोखीशिवाय दुसरें साधन वरातेचें. अमुक महालाच्या वसुलांतून अमकास इतके द्यावे, अशी चिठी म्हणजे वरात. सरकारचें काम करणाऱ्या मोठ्या मक्तेदारास वरात मिळे. ती घेऊन त्यानें त्या महालीं माणूस पाठवावा, तेथें वसूल आला असेल तर पैसे मिळावे, नसेल तर माणूस तेथेंच तळ देऊन बसावा. ज्यास थांबणें परवडत नसे तो सावकाराकडे जाऊन कसर सोसून तीच वरात मोडी. सरकारी हिशेबांत रक्कम त्याच दिवशीं खर्चीं पडली. मक्तेदारास ती कधीं व किती मिळाली हें सावकाराच्या वहींत पाहावें लागेल. ज्या संग्राहकाजवळ सावकारी घराण्याच्या खतावण्या आहेत, पण ‘त्यांत इतिहास नाहीं’ म्हणून ज्यानें त्या माळ्यावर टाकिल्या आहेत, त्यानें हें वाक्य पुन्हां वाचावें अशी विनंती आहे.

तिसरें साधन धान्याचें. मजुरीचा कांहीं भाग अडसेरींत, शिध्यांत अगर कोठीच्या धान्यांत देण्याची चाल होती. धान्य कोठीचें असल्यामुळें त्याचा खर्च कोठीच्या हिशेबांत पडे, इमारतीच्या नव्हे. चौथें साधन वस्त्रांचें. पायाच्या मुहूर्तास, उंबरा बसवितांना व वास्तुशांतीस मुख्य सुतारास, पाथरवटास व गवंड्यास पागोटें, शेला अगर अधिक मानाचा शिरपाव देत. आज आपण यास बक्षीस म्हणून सोडून देऊं. परंतु ज्या कारागिराचा दर ठरतांनाच वास्तुशांतीचीं वस्त्रें गृहीत धरलीं जात, त्याच्या दृष्टीनें तीं मजुरीचा शेवटला हप्ताच होतीं. त्यांचा खर्च जामदारखान्याकडे. याप्रमाणें एका भिंतीचे दाम चार दप्तरांत विखुरलेले असतात.

आणि कांहीं दाम कोणत्याच दप्तरांत नसतात. शनिवारवाड्याचें सागवान जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून व चुना जेजुरीच्या बाजूनें आला असें सांगण्यांत येतें. सत्ताधाऱ्याच्या वाड्याचें सागवान आपल्याच अंमलांतील रानांतून येई तेव्हां लांकडाची किंमत द्यावी लागत नसे. तोडणावळ व वाहतूक तेवढी पडे. वाटेवर प्रत्येक चौकीस जकात लागावयाची, ती दस्तक दाखविलें कीं माफ होई. माफ झालेली जकात हा सरकारचा तोटा खरा, परंतु तो खर्च म्हणून कोठेंच लिहिला जात नाहीं. आणि वाहतुकीचें मोठें अंग म्हणजे वेठ-बिगार. वाटेवरच्या गांवांनीं बैल, गाड्या व माणसें पुढल्या गांवापर्यंत द्यावीं, ही रीत पेशवाईंत सर्वत्र होती. घाटांतून तुळई ओढणाऱ्या त्या बैलांच्या धन्यास काय मिळालें? बहुतेक वेळां कांहींच नाहीं. तो खर्च त्या कुणब्यानें सोसला, आणि त्याची रोजकीर्द कोणी लिहिली नाहीं.

साध्या कुणब्याच्या घराची गोष्ट या संदर्भांत पाहण्यासारखी आहे. गांवचा सुतार व लोहार बलुतेदार. शेताचीं अवजारें करणें व दुरुस्त ठेवणें हें त्यांचें काम, व त्याबद्दल खळ्यावर धान्य. नवें घर बांधणें हें या कामांत धरीत नसत; त्याची मजुरी वेगळी ठरे. भिंती घरच्या माणसांनीं मातीच्या घालाव्या, लांकूड बांधावरचें तोडावें, आणि सुतारास जेवणखाण व वर धान्य अगर थोडी रोकड द्यावी. अशा घराचा अजमास कागदावर होत नसे. परंतु हिशेबाची पद्धत तत्त्वतः वाड्याची तीच होती : थोडी रोकड, बाकी धान्य, अंगमेहनत व मान. वाड्यांत फरक एवढाच कीं, अंगमेहनत दुसऱ्याची होती.

एवढें पाहिल्यावर १६,११० रुपयांकडे परत येऊं. आमच्या मतें ती रक्कम शनिवारवाड्याची किंमत नव्हे. वाड्यासाठीं इमारतीच्या खात्यांतून रोख अगर रोखीसारखी दिली गेलेली रक्कम आहे. तींत जागेची किंमत, रानांतील लांकडाची किंमत, माफ जकात, बिगार, कोठीचें धान्य व जामदारखान्यांतील वस्त्रें धरलीं असतील असें मानण्यास आधार नाहीं. शिवाय ती १७३२ पर्यंतच्या वाड्याची आहे. आज आपण जो नऊ बुरुजांचा व पांच दरवाजांचा तट पाहतों, खालीं दगडाचा व वर विटांचा, तो या वेळीं पूर्ण झालेला नव्हता. तट व आंतील वाढीव इमारती पुढील पेशव्यांच्या काळांत होत गेल्या. प्रेक्षक दिल्ली दरवाजाखालीं उभा राहून ‘हें सर्व सोळा हजारांत’ असें म्हणतो, तेव्हां तो दोन निराळ्या इमारतींची सांगड घालीत असतो.

याच चुकीचा दुसरा नमुना म्हणजे विश्रामबागवाड्याशीं तुलना. दुसऱ्या बाजीरावानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बांधलेल्या या वाड्यास सुमारें दोन लक्ष रुपये लागले असा आकडा प्रचारांत आहे. दोन लक्षांस १६,११० नीं भागलें तर बारांहून अधिक येतात. आणि त्यावरून पाऊणशें वर्षांत महागाई बारापट झाली, किंवा दुसरा बाजीराव पहिल्याच्या बारापट उधळा होता, असा निष्कर्ष काढणारे भेटतात. दुसऱ्या बाजीरावाची बाजू घेण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु नाणें तेंच नव्हतें, खण तितकेच नव्हते, आणि बिगारीनें होणारें काम किती व दाम देऊन होणारें किती, याचें प्रमाणहि तेंच राहिलें असें गृहीत धरतां येत नाहीं. जें पूर्वीं हुकुमानें येत होतें तें पुढें विकत आणावें लागलें, तर इमारत तीच असूनहि बेरीज कित्येक पटींनीं फुगते. दोन बेरजांची तुलना करण्यापूर्वीं दोन्हींखालचे बितपशील समोर हवेत.

बितपशिलाचें महत्त्व आणखी एका कारणानें आहे. शनिवारवाड्यांतील लांकडी महाल २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत गेले; ती आग कित्येक दिवस धुमसत होती. बुधवारवाडा १८७९ च्या आगींत नाहींसा झाला. पानशेतच्या १२ जुलै १९६१ च्या पुरानें नदीकांठच्या पेठांतील किती जुनीं घरें नेलीं, तें पुणेकरांस सांगावयास नको. लांकूड गेलें, जोतें राहिलें. शनिवारवाड्याच्या जोत्यांवर तळखडे अद्याप जागच्या जागीं दिसतात. तळखडे मोजले म्हणजे तळमजल्याचे खांब कळतात. वरील मजल्यांचे खांब कळण्यास मात्र सुताराच्या हिशेबावांचून दुसरें साधन नाहीं. वाडा सात मजली होता, वरून आळंदीचा कळस दिसे, असल्या कथा ज्यांना पारखावयाच्या आहेत त्यांनीं खांबांची, तुळयांची व कड्यांची यादी शोधावी. तुळईची लांबी व नग कळले तर खणांची रुंदी व संख्या निघते, आणि खणांवरून मजले. कवीच्या वर्णनावरून मजले निघत नाहींत.

मग हे कागद आहेत कोठें? सरकारी वाड्यांचे पुण्याच्या पेशवे दफ्तरांत. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्या दफ्तरांतून पंचेचाळीस भाग छापून महाराष्ट्रावर मोठे उपकार केले. परंतु त्यांत राजकारणाच्या पत्रांस अग्रस्थान मिळालें हें स्वाभाविक होतें, आणि इमारतींच्या खतावण्यांचे रुमाल बहुतांशीं बांधलेलेच राहिले. खाजगी घरांचे कागद खाजगी घरांतच असतात, आणि ते टिकले याचें कारण इतिहासप्रेम नव्हे, भाऊबंदकी. एकत्र कुटुंबांतील थोरल्यानें माडी बांधली; धाकट्यानें वाटणी मागितली; माडीस लागलेला पैसा वडिलोपार्जित कीं स्वकष्टार्जित, हा वाद पडला. त्या वादासाठीं सुताराच्या पावत्या व चुन्याच्या चिठ्या जपून ठेविल्या गेल्या. शेजाऱ्याशीं सामाईक भिंतीचा तंटा झाला तर भिंत कोणाच्या खर्चानें घातली हें दाखविण्यास तेच कागद लागत. म्हणून वाटणीपत्रें, निवाडपत्रें व गहाणखतें यांच्या पुडक्यांतच घरबांधणीचे हिशेब सांपडावयाचे. कर्ज काढून घर बांधणारा मनुष्य तेव्हांहि होता, आणि घर पुरें होण्यापूर्वींच तें गहाण पडल्याचें दिसलें तर त्याचा अजमास चुकला होता एवढें निश्चित समजावें.

संग्राहकांस येथें थोडें कठोर बोलणें भाग आहे. शिक्का-मोर्तबाचें पत्र दिसलें कीं त्यास चौकट लागते. वीतभर चिटोरें, ज्यावर ‘खिळे वजन इतके शेर, लोहार अमका’ एवढेंच आहे, तें रद्दींत जातें. विकणाऱ्या दलालानें पुडकें फोडून चांगलीं पत्रें वेगळीं काढलीं कीं उरलेल्या चिटोऱ्यांचा क्रम कायमचा मोडतो, आणि क्रम मोडलेली खतावणी म्हणजे नुसते शब्द. पेठांतील जुने वाडे पाडून तेथें नव्या इमारती उभ्या राहत आहेत. माळ्यावरचीं गांठोडीं त्या वेळीं एका दिवसांत खालीं येतात. त्या दिवशीं तेथें हजर असणें व गांठोडें जसें बांधलें आहे तसेंच उचलणें हें सध्यां कोणत्याहि ग्रंथलेखनापेक्षां निकडीचें आहे. चित्र घ्यावयाचें तर गांठ सोडण्यापूर्वीं एक, आणि सोडल्यावर प्रत्येक बंदाच्या दोन्ही बाजूंचें घ्यावें.

दोन्ही बाजूंचें म्हणण्याचें कारण आहे. हिशेबी कागद पाठकोरा समजून बरेच वाचक उलटीकडे पाहत नाहींत. कागद ज्या दिवशीं दफ्तरीं पोंचला त्याची नोंद, ‘पौ छ’ या संक्षेपासह चंद्राची तारीख व महिना देऊन, पुष्कळदां कोपऱ्यांत अगर पाठीमागें केलेली असते. आंतील मिति कामाची आणि बाहेरची मिति हिशेब पोंचल्याची. त्या दोहोंत आठ दिवसांचें अंतर असलें तर कारकून इमारतीवर होता असें समजावें. सहा महिन्यांचें असलें तर झाडा मागाहून, बेरजा जुळवून, बसून लिहिलेला आहे. सलासीन, इहिदे सलासीन व इसन्ने सलासीन या तीन सालांचा ‘इमारत’ मथळ्याचा एखादा बंद ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं पुढील बाजूची बेरीज वाचण्यापूर्वीं तो एकवार उलटून पाहावा.